बदली कामगार

बदली कामगार : कायम कामगाराच्या गैरहजेरीत त्याच्या जागी, बहुधा दिवसापुरता, कामावर घेतला जाणारा कामगार. भारतातील कापडगिरण्यांत, विशेषतः मुंबईत, ही प्रथा खोलवर रुजली. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या केन्याविषयक अहवालाने १९७२ मध्ये ‘अनौपचारिक क्षेत्र’ ही संज्ञा रूढ केली, तेव्हापासून असा रोजगार म्हणजे फेरीवाले, लहान दुकाने व घरगुती धंदे असे समीकरण होऊन बसले. मुंबईत मात्र कायम व अनिश्चित रोजगार एकाच गिरणीत, एकाच यंत्रावर नांदत होते.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. पुढे गिरण्या वाढल्या, तसा रत्नागिरी, सातारा इ. जिल्ह्यांतून कामगारांचा ओघ सुरू झाला. ते पेरणी-कापणीस व सणासुदीस गावी जात. त्यामुळे बदलीची गरज पडे, हे मालकांचे म्हणणे अर्धेच खरे होते. सूत-कापडाच्या मागणीतील चढउतारांनुसार मजूर कमीजास्त करता येणे त्यांच्या सोयीचे होते. भरतीचा अधिकार जॉबरकडे (मुकादमाकडे) असे. सकाळी गिरणीच्या दारात जमलेल्यांतून तो माणसे निवडी व त्याबद्दल दस्तुरी घेई. व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर टीका केली. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली. तीनुसार निवडक बदल्यांना दरमहा कार्ड मिळे. कार्डधारकाने रोज सकाळी गिरणीत हजर राहावयाचे, काम मिळो वा न मिळो.

वेतनातील तफावत दरापेक्षा दिवसांच्या संख्येत होती. त्याच यंत्रावर बदल्यास कामाचा तोच दर मिळाला, तरी महिन्यातील भरलेले दिवस कमी पडत व मिळकत घटे. खात्याखात्यांतील भेद याहून जुना व अधिक कठोर होता. साचेखात्यात, म्हणजे विणाईत, मिळकत अधिक. परंतु धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते, या कारणास्तव सवर्ण कामगार अस्पृश्यांना तेथे येऊ देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे खाते त्यांना खुले करण्याचा आग्रह धरला. स्त्रिया मुख्यतः वाइंडिंग व रीलिंग या खात्यांत असत.

औद्योगिक कलह अधिनियमातील १९५३ च्या दुरुस्तीने कामबंदीच्या भरपाईतून बदली कामगारास वगळले. वर्षभराची सलग सेवा झाल्यावरच तो त्या व्याख्येतून सुटे. बारा महिन्यांत २४० दिवस भरल्यास सेवा सलग मानली जाई. ज्याला रोजच्या कामाची हमी नाही, त्याच्यापुढे दिवसांचीच अट घालणारा हा नियम होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपात बदल्यांना कायम करणे ही एक मागणी होती. ती पदरात पडली नाही. संपानंतर हजारो कायम कामगारही कामास मुकले. विणाई भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांकडे सरकण्याची प्रक्रिया संपापूर्वीच सुरू झाली होती. संपाने तिला वेग आला. १९४८ च्या कारखाना अधिनियमाची कक्षा टाळण्यासाठी तेथे एकाच मालकाचे माग वेगवेगळ्या नावांनी लहान शेडांत विभागले जात. मजुरी कापडाच्या लांबीवर ठरे, पाळी बहुधा बारा तासांची असे आणि भिवंडीतील कामगारांत उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगण येथून आलेल्यांचा भरणा मोठा होता.