गालिच्यातली धूळ आणि काचेची नळी

घर झाडले की धूळ कुठे जाते? सातवी-आठवीच्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. ‘बाहेर जाते’ असे उत्तर लगेच येते. मग पुढचा प्रश्न विचारावा : झाडल्यावर तासाभराने टेबलावरून बोट फिरवले, तर बोटाला लागते ती धूळ कुठून आली? आता मुले विचारात पडतात. जड कचरा सुपलीत गोळा होतो, पण बारीक धूळ हवेत उडते आणि सावकाश पुन्हा खाली बसते. म्हणजे धुळीचा काही भाग घरातल्या घरात फक्त जागा बदलतो.

आपल्याकडे फरशीवर ओले फडके फिरवता येते, सतरंजी अंगणात नेऊन झटकता येते. पण जिथे थंडीमुळे खोलीभर जाड लोकरीचा गालिचा अंथरलेला असतो, तिथे काय करायचे? इंग्लंड-अमेरिकेत हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात मोठा झाला. गालिचे यंत्रमागावर विणले जाऊ लागले, स्वस्त झाले आणि मध्यमवर्गीय घरांत पोचले. गालिचा कडेने खिळे ठोकून बसवलेला असे. रोजच्या झाडण्यात धूळ उडू नये म्हणून त्यावर चहाचा ओला चोथा पसरत आणि मग कुंच्याने झाडत. वसंत ऋतूत मात्र खिळे उपटून अख्खा गालिचा बाहेर काढायचा, दोरीवर टाकायचा, काठीने बडवायचा आणि पुन्हा ठोकून बसवायचा. हे काम वजनदार होते. त्यामुळे गालिचे बडवणे आणि बसवणे हा एक धंदाच झाला.

या धंद्याची एक अडचण होती. गळणारे छप्पर घरमालकाला दिसते, तुटलेली खुर्ची दिसते. गालिच्याच्या मुळाशी बसलेली धूळ मात्र दिसत नाही. जी गोष्ट दिसतच नाही, ती काढून देण्यासाठी गिऱ्हाईक पैसे का देईल? या प्रश्नाची जी उत्तरे लोकांनी शोधली, त्यांत विज्ञानही आहे आणि थोडे नाटकही. शिक्षकांनी ही दोन्ही वेगळी करून पाहावीत, असे आम्हाला वाटते.

दारात जाऊन दाखवणे

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स या गावी मेल्विल आणि ॲना बिसेल या दांपत्याचे काचेच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान होते. भांडी भुशात बांधून येत आणि तो भुसा दुकानातल्या गालिच्यात रुतून बसे. मेल्विलने एक ढकलायची पेटी तयार केली. पेटी ढकलली की चाके फिरत, चाकांमुळे गोल कुंचा फिरत असे आणि कचरा पेटीतच पडे. 1876 साली त्याला तिचे पेटंट मिळाले. ही पेटी विकण्याचे काम ॲनाने अंगावर घेतले. ती दारोदार जाई आणि पेटी चालवून दाखवी. 1889 मध्ये मेल्विल वारला. त्यानंतर तिने कारखानाही सांभाळला. मोठ्या उद्योगाची सूत्रे हाती घेणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या काही स्त्रियांत तिचे नाव घेतले जाते.

या पेटीने वरचा कचरा उचलला जाई, पण मुळाशी गेलेली धूळ तशीच राही.

फुंकायचे की ओढायचे?

1901 साली लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये एका नव्या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. हे यंत्र दाबलेली हवा गालिच्यावर सोडत असे. उडालेली धूळ वरच्या पेटीत जमावी, अशी अपेक्षा होती. पण बरीच धूळ पेटीत न जाता पुन्हा गालिच्यावरच बसे. पाहणाऱ्यांत ह्यूबर्ट सेसिल बूथ (1871-1955) हा तरुण अभियंता होता. पूल आणि जत्रेतले प्रचंड पाळणे बांधण्याचा त्याला अनुभव होता. धूळ फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही, असे त्याने यंत्रवाल्याला विचारले. ते अशक्य आहे, असे उत्तर मिळाले.

बूथने पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, काही दिवसांनी एका उपाहारगृहात त्याने खुर्चीच्या मखमली पाठीला तोंड लावून जोराने हवा ओढली. त्याला ठसका लागला, पण धूळ येते हे कळले. आता प्रश्न उरला तो फक्त धूळ वाटेत अडवण्याचा. त्यासाठी हवेच्या मार्गात कापड लावायचे. हवा कापडातून निघून जाईल, धूळ अडकेल. त्याच वर्षी त्याने पेटंट घेतले.

इथे एक गोष्ट मुलांना स्पष्ट करून सांगायला हवी. यंत्र धूळ ‘ओढते’ ही बोलण्याची सोय आहे. पंप नळीतल्या हवेचा दाब कमी करतो. बाहेरच्या हवेचा दाब जास्त असल्यामुळे ती गालिच्याच्या धाग्यांमधून नळीत घुसते आणि या वेगवान हवेबरोबर धूळही वाहत जाते. धूळ ढकलणारी असते ती बाहेरचीच हवा.

लाल गाडी आणि काचेची नळी

बूथचे यंत्र घरात मावणारे नव्हते. पंप आणि तो चालवणारे इंजिन घोडागाडीवर बसवावे लागे. बऱ्याचशा घरांत तेव्हा वीजही नव्हती. म्हणून बूथने आधी यंत्र विकलेच नाही, सेवा विकली. लाल रंगाची गाडी दारासमोर उभी राही. गणवेशातली माणसे लांब नळ्या खिडक्यांतून आत नेत. गालिचा उपटण्याची गरजच उरली नाही. इंजिनाच्या आवाजाने रस्त्यावरचे घोडे बुजत, त्यावरून तक्रारी होत. पण त्याच आवाजाने सगळ्या आळीचे लक्ष गाडीकडे जाई. शेजाऱ्याच्या दारात उभी असलेली गाडी हीच बूथची जाहिरात होती.

त्याहून हुशारीची गोष्ट म्हणजे नळीचा काही भाग पारदर्शक ठेवलेला होता. नळीतून धावणारी मळकी धूळ लोकांना डोळ्यांनी दिसे. श्रीमंत घरांतल्या बायका मैत्रिणींना चहाला बोलावून हा कार्यक्रम दाखवू लागल्या. न दिसणाऱ्या मालाची अडचण अशी सुटली.

1902 साली राजा सातवा एडवर्ड याच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे बूथच्या यंत्राने साफ केले. पुढे राजवाड्यासाठीही यंत्रे घेतली गेली. राजाच्या गालिच्यातही धूळ निघते म्हटल्यावर आपल्या घरात नसेल असे कोण म्हणणार? पहिल्या महायुद्धात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये नौदलाचे सैनिक ठेवले होते. तिथे मेंदूज्वराची साथ आली तेव्हा बूथची 15 यंत्रे लावली गेली आणि 26 टन धूळ निघाल्याचे सांगतात.

दुकानदाराला वाटेकरी करणे

इकडे ओहायोतल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर एका मोठ्या दुकानात झाडलोट करी. त्याला दमा होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने त्रास होई. त्याने पंख्याची मोटर, पेटी, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एका माणसाला ढकलता येईल असे यंत्र केले. अभ्रा म्हणजे बूथच्या कापडी गाळणीचेच काम. 1908 साली पेटंट मिळाले आणि विल्यम हूवर याने त्याचे हक्क घेतले. हूवरचा धंदा घोड्यांचे चामडी सामान करण्याचा होता. मोटारी आल्यावर तो धंदा फार दिवस चालणार नाही, हे त्याला दिसत होते.

डिसेंबर 1908 मध्ये हूवरने एका साप्ताहिकात जाहिरात दिली : दहा दिवस यंत्र घरी फुकट वापरून पाहा. मागणीची पत्रे आली. हूवरने यंत्र थेट न पाठवता त्या त्या गावातल्या चांगल्या दुकानदाराला लिहिले, की हे यंत्र या घरी पोचवा, विकले गेले तर तुम्हाला वाटा मिळेल. ओळखीचा दुकानदार मध्ये आल्याने गिऱ्हाइकाची भीती गेली आणि हूवरला गावोगावी विक्रेते मिळाले.

आपल्याकडेही हीच वाट चोखाळली गेली. 1982 साली मुंबईत युरेका फोर्ब्स ही कंपनी सुरू झाली. टाय लावलेले तिचे तरुण विक्रेते घरोघरी जाऊन यंत्र चालवून दाखवीत. गादीतली, सोफ्यातली धूळ पाहून घरचे लोक चकित होत. बिसेलबाईंच्या दारोदार फिरण्याशी आणि बूथच्या नळीशी हे नाते सांगणारेच आहे.

दिसले म्हणजे सिद्ध झाले का?

आता शिक्षकांच्या कामाचा भाग. काचेच्या नळीतून धूळ जाताना दिसली, यावरून नक्की काय सिद्ध होते? गालिच्यात धूळ होती आणि तिचा काही भाग निघाला, इतकेच. किती उरली ते कळत नाही. काठीने बडवले असते तर कमी निघाली असती की जास्त, हेही कळत नाही. आणि निघालेली धूळ आरोग्याला घातक होती, हे तर मुळीच सिद्ध होत नाही.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. 1882 साली रॉबर्ट कॉखने क्षयाचे जंतू शोधले. त्यानंतर खोलीतल्या धुळीत रोग दडलेला असतो ही धास्ती पसरली. सफाईच्या यंत्रांना त्या धास्तीचा फायदा झाला. पण क्षय मुख्यतः रुग्णाच्या खोकण्या-बोलण्यातून हवेत जाणाऱ्या सूक्ष्म थेंबांमुळे पसरतो, हे आता आपल्याला माहीत आहे. म्हणजे गालिचा कितीही साफ केला तरी बंद, कोंदट खोलीतला धोका जात नाही. उघडी खिडकी तिथे जास्त उपयोगी. दुसऱ्या बाजूने, धुळीचा आणि दम्याचा संबंध मात्र खरा निघाला. 1964 च्या सुमारास हॉलंडमधल्या संशोधकांनी घरातल्या धुळीतली ॲलर्जी सूक्ष्म कोळीवर्गीय किडींशी जोडून दाखवली. स्पँगलरची तक्रार खरी होती, जरी तिचे सगळे कारण त्याला ठाऊक नव्हते. एकच धूळ, पण तिच्याविषयीचा एक दावा टिकला आणि एक टिकला नाही.

आणखी एक हिशेब राहतो. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी 1983 च्या आपल्या पुस्तकात दाखवले, की घरकामाची यंत्रे आल्यावर गृहिणीचे काम अपेक्षेइतके कमी झालेच नाही. गालिचा वर्षातून एकदोनदा बाहेर काढून बडवायचा, तेव्हा घरातले पुरुष, मुले किंवा नोकर हात लावत. यंत्र आल्यावर काम हलके झाले, म्हणून ते दर आठवड्याला करायचे ठरले, आणि करणारी एकटी गृहिणी उरली. श्रम वाचवण्याचे यंत्र कोणाचे श्रम वाचवते, हा प्रश्न मुलांना घरच्या मिक्सर-कपडे धुण्याच्या यंत्राबाबतही विचारता येईल.

वर्गात करून पाहा

सुई नसलेली 20 मिलिलिटरची नवी सिरिंज घ्या. ताटलीत खडूची पूड ठेवा. सिरिंजचे टोक पुडीजवळ नेऊन दट्ट्या जोरात आत ढकला. पूड उडून सगळीकडे बसते. हे 1901 चे फुंकणारे यंत्र झाले. आता टोकावर काळ्या पातळ कापडाचा तुकडा दोऱ्याने बांधा, टोक पुडीत टेकवा आणि दट्ट्या झटकन मागे ओढा. कापडावर पांढरा ठिपका उमटतो. हे बूथचे यंत्र. पुडीपासून तोंड लांब ठेवावे आणि बूथसारखे तोंडाने ओढण्याचा प्रयोग कोणी करू नये.

यानंतर मुलांना विचारा : ‘या सिरिंजने ताटली साफ होते’ असे कोणी सांगितले, तर ते खरे की खोटे हे कसे ठरवाल? एखादा गट तीच जागा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ओढून पाहील आणि ठिपका फिका होतो का ते बघेल. एखादा गट सारखीच पूड घेऊन दुसऱ्या ताटलीवर ओले फडके फिरवेल आणि तुलना करील. अशी तुलना मुलांनी आपण होऊन सुचवली, तर दारात येऊन काहीतरी चालवून दाखवणाऱ्या विक्रेत्याला काय विचारायचे, हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.