धसका : एका अभ्यासविषयाचा इतिहास

पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात. मागे जादा इंजिने लागतात, तेवढ्या वेळात फलाटावर वडे खपतात आणि मग गाडी पळसदरीवरून बोरघाटाला लागते. सहलीला या वाटेने गेला असाल तर मुलांना बोगदे मोजायला तुम्ही नक्कीच सांगितले असेल. या घाटाचा भूगोल आणि त्यातली अभियांत्रिकी आपण वर्गात शिकवतो. पण याच परिसराचा धागा धरून आणखी एका शास्त्राचा इतिहास सांगता येतो. ते शास्त्र म्हणजे मानसिक आघाताचा अभ्यास. आज तो मानसशास्त्राच्या एम.ए.ला, समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात आणि मनोविकारशास्त्राच्या एम.डी.ला शिकवला जातो. त्याच्या सुरुवातीला आहे ती आगगाडीच.

आगगाडीचा आजार

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रेल्वे झपाट्याने पसरली आणि तिच्याबरोबर अपघातही आले. डॉक्टरांना एक कोडे पडू लागले. अपघातातून सुखरूप सुटलेला माणूस, अंगावर जखम नाही, हाड मोडलेले नाही. पण काही दिवसांनी त्याची झोप उडते, हात कापू लागतात, कामात लक्ष लागत नाही. जॉन एरिक एरिक्सन या लंडनच्या शल्यविशारदाने १८६६ मध्ये अशा रुग्णांवर पुस्तक लिहिले. हादऱ्याने पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा होते, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून या आजाराला ‘रेल्वे स्पाइन’ हे नाव पडले. प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स १८६५ मध्ये स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून वाचला होता. त्यानंतर गाडीत बसले की त्याला धडकी भरत असे.

हा वाद केवळ शास्त्रीय नव्हता. प्रवासी नुकसानभरपाईसाठी कोर्टात जात. इजा कण्याला झाली की मनाला, की रुग्ण चक्क सोंग करतो आहे, यावर पैशांचा निकाल ठरे. रेल्वे कंपनीच्या सेवेतील हर्बर्ट पेज या शल्यविशारदाने १८८३ मध्ये उलट मत मांडले. कण्याला काहीही झालेले नसताना केवळ भीतीनेही ही लक्षणे निर्माण होऊ शकतात, असे तो म्हणाला. पुढे १८८९ मध्ये हेरमान ओपेनहाइम या जर्मन डॉक्टरने ‘आघातजन्य मज्जाविकृती’ अशी संज्ञा वापरली. तोवर ‘ट्रॉमा’ हा ग्रीक शब्द शरीराच्या जखमेसाठी होता. आता तो मनाच्या जखमेलाही लागू झाला.

घाटातले मजूर

एरिक्सनचे पुस्तक निघाले त्याच्या तीनच वर्षे आधी, १८६३ मध्ये, बोरघाटातील रेल्वे सुरू झाली होती. सुमारे पंधरा मैलांच्या चढणीत पंचवीस बोगदे, १,८३१ फुटांची चढाई. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. कामाचा ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येताच वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने तो ठेका पुढे नेला. १८६१ च्या जानेवारीत घाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. सुरुंगाचे स्फोट, कड्यावरून पडणे आणि त्याहून भयंकर म्हणजे पटकी. हजारो माणसे मेली.

त्यांच्या शेजारी झोपणारे, त्यांना उचलणारे, दुसऱ्या दिवशी त्याच बोगद्यात पुन्हा उतरणारे मजूर होतेच. त्यांची झोप उडाली नसेल? पण अभियंत्यांच्या अहवालांत मोजमापे आहेत ती दगडाची, चुन्याची आणि मजुरांच्या संख्येची. मजुरांचे मन हा त्या अहवालांचा विषयच नव्हता. इंग्लंडमधल्या प्रवाशाकडे तिकीट होते, वकील होता, कोर्ट होते. म्हणून त्याच्या थरथरीला नाव मिळाले. घाटातल्या मजुराकडे यातले काहीच नव्हते. या शास्त्राच्या इतिहासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जखम सगळ्यांनाच होते, पण नोंद होते ती ज्याच्यासाठी कुणी विचारणारा असतो त्याची.

युद्धापासून निदानापर्यंत

पहिल्या महायुद्धात सैनिकांची वाचा बसू लागली, हातपाय लुळे पडू लागले. चार्ल्स मायर्स याने १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ हा शब्द छापील स्वरूपात आणला. त्याचा सहकारी डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स याने पुढे स्कॉटलंडमधील रुग्णालयात अधिकाऱ्यांवर उपचार केले. भय दडपून न टाकता त्याविषयी बोलू द्यावे, यावर त्याचा भर होता. हाच रिव्हर्स त्यापूर्वी निलगिरीत येऊन गेला होता. तेथील तोडा आदिवासींवर त्याने १९०६ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्याचा विषय होता नातेसंबंध आणि विधी.

युद्ध संपले की हा विषय मागे पडे आणि नव्या युद्धाबरोबर परत येई. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या रेट्यामुळे १९८० मध्ये अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘आघातोत्तर ताणविकार’ हे निदान आपल्या यादीत घेतले. घडलेले प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा उभे राहणे, त्यांची आठवण देणारे सारे टाळणे, सतत दचकणे, आणि हे महिन्याहून अधिक काळ टिकणे, ही त्याची मुख्य खूण.

भोपाळ आणि किल्लारी

आपल्याकडे या अभ्यासाला वळण दिले ते युद्धाने नव्हे, आपत्तींनी. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला वायुगळती झाली. लखनौ आणि बंगळूरचे मनोविकारतज्ज्ञ १९८५ मध्ये तेथे काम करू लागले. तज्ज्ञ मोजके आणि रुग्ण अगणित, म्हणून साध्या दवाखान्यांतील डॉक्टरांनाच हे काम शिकवावे लागले.

महाराष्ट्रात ती वेळ ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आली. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि किल्लारी परिसरात भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. महिन्याभराने दिल्लीच्या संशोधकांनी तपासलेल्या ४२ जणांपैकी ५९ टक्क्यांत मनोविकाराचे निदान झाले. प्रामुख्याने आघातोत्तर ताणविकार आणि नैराश्य. स्त्रिया आणि निराधार झालेले लोक यांत त्याचे प्रमाण अधिक होते. नमुना लहान होता, तरी दिशा स्पष्ट होती. पुढे डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेनेही तेथे दीर्घकाळ काम केले. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि आरोग्यसेवक असे रुग्ण ओळखू शकतात का, हा त्यातला एक महत्त्वाचा प्रश्न होता.

इर्शाळवाडी

आता पुन्हा घाटाच्या पायथ्याशी येऊ. खालापूर तालुक्यात चौकजवळ इर्शाळगड आहे. त्याच्या कुशीत ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात डोंगराचा भाग वाडीवर आला. वर जायला गाडीरस्ता नव्हता; बचावपथके चिखलातून पायी चढली आणि यंत्रे वर नेता न आल्याने कुदळ-फावड्यांनी उकरत राहिली. २७ मृतदेह मिळाले. ५७ जण बेपत्ता असताना २३ जुलैला शोध थांबवण्यात आला.

ज्यांचा देह मिळत नाही त्यांचे दुःख वेगळे असते. अमेरिकेतील पॉलिन बॉस यांनी युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या कुटुंबांचा अभ्यास करून त्याला ‘अनिश्चित वियोग’ या अर्थाचे नाव दिले. माणूस गेला हे डोक्याला कळते, पण निरोपच झालेला नसतो. ही आजारी मनाची खूण नव्हे. परिस्थितीच अर्धवट राहिलेली असते. पदव्युत्तर विद्यार्थ्याला हा भेद कळला नाही तर तो अख्ख्या वाडीवर रोगाचा शिक्का मारून मोकळा होईल.

तसेच भाषेचे. पुस्तकातले ‘आघातोत्तर ताणविकार’ हे शब्द घेऊन वाडीत गेलो तर कुणाला काय कळणार? पण मराठीत ‘धसका घेतला’, ‘हाय खाल्ली’, ‘भेदरला’, ‘काळजात चर्र झाले’ हे शब्दप्रयोग एरिक्सनच्या पुस्तकाची वाट पाहत थांबले नव्हते. अभ्यास तिथून सुरू करायला हवा.

शिक्षकांसाठी

इर्शाळवाडीची काही मुले निवासी आश्रमशाळांत होती, म्हणून वाचली. ती सकाळी उठली तेव्हा त्यांच्याजवळ मनोविकारतज्ज्ञ नव्हता, समाजकार्याचा पदवीधर नव्हता. शिक्षक होते.

म्हणून या शास्त्राने अलीकडे शिकलेली एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. एके काळी आपत्ती झाली की लगेच सर्वांना एकत्र बसवून घडलेले सारे सविस्तर सांगायला लावण्याची पद्धत रूढ झाली होती. २००२ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा एका बैठकीच्या या पद्धतीचा फायदा दिसला नाही. उलट काहींना अपायाची शक्यता दिसली. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये ‘मानसिक प्रथमोपचारा’ची पुस्तिका काढली. तिचे सार साधे आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. सुरक्षितता, अन्न, आपली माणसे, खरी माहिती. मूल बोलले तर ऐकायचे, खोदून विचारायचे नाही. रोजचे वेळापत्रक शक्य तितके चालू ठेवायचे.

बहुतेक मुले आधार मिळाला तर सावरतात. पण महिना उलटला तरी पावसाच्या आवाजाने मूल दचकत असेल, खेळात तीच तीच घटना पुन्हा मांडत असेल, मोठे असूनही अंथरूण ओले करत असेल, किंवा एकदम मुके झाले असेल, तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयाची वाट धरायला हवी. असे मूल हट्टी किंवा ढ नसते.

बोरघाटातल्या मजुराला विचारणारा कुणी नव्हता, म्हणून त्याचा धसका इतिहासात उतरला नाही. वर्गातल्या मुलाजवळ तुम्ही आहात. पाऊस सुरू झाला की कोणते मूल खिडकीपासून दूर सरकते, हे पहिल्यांदा तुम्हालाच दिसणार आहे.