मुद्रकाचा जामीन

जुन्या मराठी पुस्तकात मुद्रकाचे नाव आणि छापखान्याचा पत्ता न चुकता सापडतो. भंडाऱ्यात मराठी शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना ती ओळ आवर्जून वाचायला सांगतो. ती सौजन्याची नोंद नव्हे. १८६७ च्या कायद्याने ती सक्तीची केली होती. लेखक निनावी राहिला, तरी छापणारा सरकारला ठाऊक असलाच पाहिजे, हा त्यामागचा हेतू.

या हेतूला धार आली ती १९१० च्या प्रेस ॲक्टने. नवा छापखाना काढणाऱ्याकडून ५०० ते २,००० रुपये जामीन घेण्याची तरतूद त्यात होती. आक्षेपार्ह मजकूर छापल्यास तो जप्त होई; पुन्हा छपाई करायची तर १,००० ते १०,००० रुपये भरावे लागत; आणि त्यानंतरही तसे घडल्यास छापखानाच सरकारजमा. कायदा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू होता. मध्यप्रांतातला आमचा भंडारा जिल्हाही त्याला अपवाद नव्हता.

'काळ'चा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. शिवराम महादेव परांजपे यांना १९०८ साली राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली. तो खटला आणि तो निकाल आज अभ्यासता येतो. १९१० साली मात्र जामिनाची मागणी झाली आणि पत्र बंद पडले. शिक्षेची कागदोपत्री साक्ष उरते. छापखानदाराने भीतीपोटी परत केलेल्या हस्तलिखिताची कोणती साक्ष उरणार?

म्हणूनच 'आम्ही केवळ स्थानिक कायदा पाळतो' हे आजच्या तंत्रज्ञान कंपन्यांचे उत्तर आम्हाला नवे वाटत नाही. याहूने २००४ साली चिनी पत्रकार शी ताओ यांच्या ईमेल खात्याची माहिती तेथील सरकारच्या हवाली केली, आणि २००५ साली त्यांना १० वर्षांची शिक्षा झाली. कंपनीचा बचाव नेमका हाच होता. फरक इतकाच, की जामिनापायी सर्वस्व गमावण्याची वेळ छापखानदारावर येई. कंपनीची केवळ एक बाजारपेठ जाते.

पण कायदा पाळणे म्हणजे अधिकाऱ्याचा प्रत्येक हुकूम मानणे नव्हे. आणीबाणीत सेन्सॉरने 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकातील मजकूर अडवला, तेव्हा संपादक मिनू मसानी न्यायालयात गेले आणि १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. सेन्सॉरचे अधिकारही कायद्यानेच बांधलेले असतात, हे त्यातून सिद्ध झाले.

वाङ्मयेतिहास आपण लेखकांच्या नावांनी लिहितो. मजकूर वाचकापर्यंत पोहोचवणाऱ्यांनी काय नाकारले आणि कशासाठी ते झगडले, याचीही नोंद त्यात हवी. अन्यथा जे छापलेच गेले नाही, ते कोणी लिहिलेच नव्हते, असे आपण समजून चालू.