नळीतल्या खाचा आणि एका शेतमजुराचा जीव

सुताराच्या रंध्याचे पाते एखाद्या जागी बारीकसे तुटलेले असले, तर त्याने तासलेल्या प्रत्येक फळीवर त्या जागी एक उभी रेघ उमटते. सागाची फळी जाऊन आंब्याची आली तरी रेघ तीच; पाते पुन्हा धारेला लावीपर्यंत ती सुटत नाही. हे तुम्हांला सांगायला प्राध्यापक कशाला हवा? पण हीच साधी गोष्ट न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहण्यापूर्वी तिच्याच नावाखाली एका निरपराध माणसाचा जीव जाण्याची वेळ आली होती. ती हकिकत आज सांगावयाची आहे.

1915 च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, वेस्ट शेल्बी नावाच्या खेड्यात, चार्ल्स फेल्प्स हा म्हातारा शेतकरी आणि त्याचे घर सांभाळणारी मार्गारेट वोल्कॉट यांचा रात्री गोळ्या घालून खून झाला. फेल्प्सच्या जमिनीवर राबणारा चार्ल्स स्टीलो समोरच राहत असे. जर्मनीहून आलेल्या कुटुंबातला, लिहिण्यावाचण्याच्या नावाने जवळजवळ शून्य, बुद्धीने मंद. सकाळी त्या बाईचे प्रेत त्याच्याच दाराशी, बर्फात, त्याला दिसले. गोळ्या पॉइंट बावीस बोअरच्या होत्या. स्टीलोजवळ त्याच मापाचे जुने रिव्हॉल्व्हर होते. घाबरून त्याने ते दडवले आणि आपल्याजवळ हत्यारच नाही असे सांगितले. गरीब माणूस पोलिसाला पाहून जे करतो तेच त्याने केले, आणि तेच त्याला भोवले.

खासगी गुप्तहेरांनी त्याच्याकडून कबुलीजबाब काढला. त्यावर त्याने सही केली नाही, आणि त्यातली भाषा तर त्याला बोलताही आली नसती. तेव्हा सरकारपक्षाने एक तज्ज्ञ आणला. त्याचे नाव अल्बर्ट हॅमिल्टन. मूळचा धंदा औषधे विकण्याचा. 'डॉक्टर' ही पदवी त्याची त्यानेच घेतलेली. त्याने शपथेवर सांगितले की, स्टीलोच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या तोंडाशी नऊ ओरखडे आहेत आणि प्राणघातक गोळ्यांवर तेच नऊ ओरखडे उमटले आहेत. छायाचित्रांत ते दिसत नाहीत, असे निघाल्यावर त्याने उत्तर दिले की, छायाचित्र गोळीच्या दुसऱ्या बाजूचे निघाले! पंचांनी यावर विश्वास ठेवला. स्टीलोला विजेच्या खुर्चीची शिक्षा झाली. त्याचा मेहुणा नेल्सन ग्रीन याने ते पाहून, निदान जीव तरी वाचावा म्हणून, गुन्हा कबूल केला.

सिंगसिंगच्या तुरुंगात स्टीलोची शिक्षा पुन्हा पुन्हा लांबणीवर पडली. एकदा तर अवघी 40 मिनिटे उरली होती. तुरुंगातल्याच एका अधिकाऱ्याला आणि ग्रेस ह्यूमिस्टन या वकील बाईंना तो निर्दोष वाटत होता. पुढे अर्विन किंग नावाच्या एका भटक्याने खून आपण केल्याचे सांगितले आणि नंतर ते नाकारले. अखेर गव्हर्नर व्हिटमन यांनी मृत्यूची शिक्षा जन्मठेपेवर आणली आणि चौकशीसाठी जॉर्ज बाँड या वकिलांना नेमले. त्यांचे मदतनीस होते चार्ल्स वेट.

यांनी जे केले ते आधी कुणाला सुचू नये याचे नवल वाटते. स्टीलोच्याच रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या झाडून घेतल्या, आणि त्या गोळ्या व खुनातल्या गोळ्या मॅक्स पोझर या जाणत्या माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. नऊ ओरखडे नव्हतेच! पण दुसरेच काही दिसले. गोळीने फिरत जावे म्हणून नळीच्या आत पीळ दिलेल्या खाचा पाडलेल्या असतात. त्यांचा ठसा गोळीवर उठतो. स्टीलोच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाच खाचा सारख्या अंतरावर होत्या. खुनातल्या गोळ्यांवर मात्र एका जागी दोन खाचांमधले अंतर नको तितके रुंद होते, म्हणजे ज्या हत्याराने त्या सुटल्या त्याची नळी घडणीतच चुकलेली होती. स्टीलोचे हत्यार ते नव्हे, हे उघड झाले. 1918 च्या मे महिन्यात स्टीलो आणि ग्रीन सुटले.

वेट यांना मात्र स्वस्थ बसवेना. कोणता कारखाना किती खाचा पाडतो, पीळ डावा की उजवा, रुंदी किती, हे गोळा करीत ते कारखान्यांतून हिंडले. कोल्टचा पीळ डावा, स्मिथ अँड वेसनचा उजवा, असे त्यातून निश्चित होत गेले. पण एकाच कारखान्याच्या दोन नळ्या ओळखायच्या कशा? येथे आपला रंधा पुन्हा उपयोगी पडतो. खाच पाडणारे हत्यार झिजत जाते आणि प्रत्येक नळीत निराळे बारीक ओरखडे सोडते. 1925 साली न्यूयॉर्कमध्ये वेट, कॅल्विन गोडार्ड, फिलिप ग्रॅव्हेल आणि जॉन फिशर यांनी यासाठी एक संस्था काढली. ग्रॅव्हेल यांनी दोन सूक्ष्मदर्शक जोडून असे यंत्र वापरात आणले की, एकाच दृष्टीत अर्धी एक गोळी आणि अर्धी दुसरी दिसावी. गोळ्या फिरवीत जावे आणि रेघांशी रेघा जुळतात का ते पाहावे. कटावणीने फोडलेल्या कुलपावरच्या खुणाही याच रीतीने तपासतात. 1935 च्या लिंडबर्ग खटल्यात तर शिडीच्या लाकडावरच्या रंध्याच्या खुणाच पुढे आल्या.

तरी 'जुळते' म्हणजे किती जुळते, हे शेवटी तपासणाराच ठरवतो. 2009 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने याच ठिकाणी बोट ठेवले. एखादी खूण दुसऱ्या कोणत्याच हत्याराची असू शकत नाही असे ठामपणे म्हणण्याइतका अभ्यास झालेला नाही, असे तिचे म्हणणे पडले. मला ते रास्त वाटते.

आणि तो हॅमिल्टन? तो साक्षी देतच राहिला. 1923 साली साको आणि व्हान्झेटी यांच्या खटल्यात, या खेपेला आरोपींच्या बाजूने, त्याने न्यायाधीशांसमोर साकोचे पिस्तूल आणि आपण आणलेली दोन नवी पिस्तुले सोडून पुन्हा जोडून दाखवली. पुढे पाहतात तो साकोच्या पिस्तुलाला नवी कोरी नळी! न्यायाधीशांनी नळी बदलली गेल्याचे ठरवले. कोणी बदलली, ते निकालात सांगितले नाही.