डॅबल, चंचुप्रवेश आणि नाद : जुन्नर-आंबेगावातून एका क्रियापदाकडे पाहताना

घोडेगावाहून भीमाशंकरच्या वाटेला लागले की शिनोली येते आणि पुढे डिंभे धरणाचा जलाशय. ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिले, ते जुने गाव याच पाण्याखाली गेले आहे. महाराष्ट्रातल्या अशा जलाशयांच्या उथळ कडेला हळदीकुंकू बदक दिसते. चोच पाण्यात, शेपटी वर, आणि खाणे चालू. खोल बुडी मारून अन्न शोधण्याची त्याची रीत नव्हे. इंग्रजी पक्षिशास्त्र बदकांच्या या गटाला ‘डॅबलिंग’ म्हणते. आजचा धागा याच ‘डॅबल’ क्रियापदाविषयी, आणि ते आपल्या परिसराच्या इतिहासाला लावले तर काय होते याविषयी.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला तो पाणी उडवणे, भिजवणे या अर्थाने. पुढच्या शतकात त्याला लाक्षणिक अर्थ चिकटला : एखाद्या विषयात वरवर, हौसेपुरते लक्ष घालणे. या अर्थाने वापरताना त्याच्यामागे बहुधा ‘इन’ हे शब्दयोगी अव्यय येते. माणूस चित्रकलेत, शेअरबाजारात, राजकारणात ‘डॅबल’ करतो. शस्त्रक्रियेत कोणी ‘डॅबल’ करतो असे म्हटले तर ऐकणारा हसेल किंवा घाबरेल, कारण जिथे चुकीची किंमत मोठी तिथे हे क्रियापद शोभत नाही. खरी गंमत कर्त्याची आहे. ‘मी कवितेत डॅबल करतो’ हा विनय झाला. ‘तो कवितेत डॅबल करतो’ हा बहुतेक वेळा टोमणा. क्रियापद तेच, पुरुष बदलला की निवाडा बदलतो.

मराठीने हे काम एका शब्दावर सोपवलेले नाही. स्वतःविषयी बोलताना आपण ‘जमेल तसं, थोडंफार’ म्हणतो. दुसऱ्याविषयी आपुलकी असेल तर तो ‘हौशी’, नसेल तर त्याची ‘लुडबुड’. ‘ढवळाढवळ’ तर थेट पाण्यातूनच आली आहे, पण तिच्यात दुसऱ्याचे पाणी गढूळ केल्याचा आरोप आहे, जो इंग्रजी शब्दात नाही. सर्वांत जवळचा शब्द संस्कृत वळणाचा, ‘चंचुप्रवेश’. चोचीपुरता प्रवेश! दोन दूरच्या भाषा पाण्याकाठच्या एकाच पक्ष्यापाशी येऊन थांबाव्यात, याचे मला राहून राहून कौतुक वाटते.

आता जुन्नरकडे वळू. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला सांख्यिकी वृत्तांत गोळा करण्यासाठी नेमले. दख्खनमध्ये फिरताना त्याने लोकसंख्या मोजली, पिकांच्या नोंदी केल्या, पक्षी आणि मासे जमवले, हवामान टिपले. १८३२ साली त्याची दख्खनच्या पक्ष्यांची सूची प्रसिद्ध झाली. माळरानावरचा एक चंडोल आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. लेणी पाहण्यासाठीही तो थांबला. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांच्या नकला त्याने केल्या आणि त्या १८३७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आल्या. त्या उतरवताना अक्षरे काय सांगतात हे त्याला वाचता येत नव्हते.

सैनिकाने पक्षी, मासे, शिलालेख अशा सगळ्यांत हात घातला. ‘डॅबल’ शब्दाची व्याख्याच जणू. परंतु १८२९ च्या डिसेंबरात सरकारने ते पद रद्द केले, तेव्हा साइक्सने लष्करी कामातून रजा घेतली आणि खासगी व्यक्ती म्हणून १८३१ च्या जानेवारीपर्यंत काम पुरे केले. हौस म्हणावी तर ही फारच हट्टी हौस. अर्थात कंपनीचा गणवेश अंगावर असलेल्या माणसाला कोणत्याही गावात शिरून काहीही मोजण्याची मुभा होती, हेही नजरेआड करू नये. त्याच्या जागी एखादा गावकरी असता तर त्याला लुडबुड्याच म्हटले असते.

योगायोग असा की १८३७ हेच वर्ष ब्राह्मी लिपी उलगडल्याचे. ते श्रेय जेम्स प्रिन्सेपचे, आणि तोही पेशाने कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंची पारख करणारा. अशोककालीन अक्षरे लागल्यावर त्याच लिपीची पुढची वळणे लागू लागली, आणि जुन्नरचे दगड बोलते झाले. पुढे जुनागढचे भगवानलाल इंद्रजी मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले. भाऊ दाजी वैद्यकीचा व्यवसाय सांभाळून प्राचीन लेख वाचत. भगवानलालांनी मात्र उभे आयुष्य त्या अक्षरांना दिले. जेम्स बर्जेस यांच्यासह त्यांचा पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा ग्रंथ १८८१ साली आला, त्यात जुन्नरही आहे. भगवानलाल आपले लेखन गुजरातीत करीत आणि इतर विद्वान ते इंग्रजीत नेत. ज्या भाषेत ‘डॅबल’ हा शब्द आहे तीत सहज लिहिणे त्यांना जमत नव्हते. लेण्यांच्या अंधारात मात्र ते सर्वांत खोल उतरले.

डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे असेच आणखी एक नाव. हा शल्यचिकित्सक, नारायणगावाजवळच्या हिवऱ्याला त्याची वनस्पतींची बाग होती. १८४७ साली तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. डाल्झेलसह त्याने सिद्ध केलेला मुंबईच्या वनस्पतींचा ग्रंथ १८६१ चा. छंद कुठे संपला आणि नोकरी कुठे सुरू झाली, हे त्याच्या बाबतीत सांगणे कठीण.

आपल्याकडे याच्या नेमका उलट शब्दही आहे : ‘नाद’. जुन्नर, आंबेगाव, खेड भागातला बैलगाडा मालक शर्यतीत ‘डॅबल’ करतो असे म्हणून पाहा! २०१४ च्या बंदीनंतर शर्यतीला परवानगी मिळाली ती २०२१ च्या डिसेंबरात. इतकी वर्षे घाट बंद असताना ज्यांनी बैल सांभाळले, त्यांच्यासाठी इंग्रजीला वेगळेच क्रियापद शोधावे लागेल.

आणि शेवटी पुन्हा पाणी. शिवनेरीवरच्या लेखांपैकी एकात इरिल नावाचा यवन दाता आहे. तो कोण, व्यापारी की आणखी कोणी, हे लेख सांगत नाही. त्याचे दान तेवढे नोंदले आहे : दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची दोन टाकी.