नैराश्य, कुमारवयीन : कारणमीमांसा

तेरा ते एकोणीस या वयात उद्भवणाऱ्या व किमान दोन आठवडे टिकून राहणाऱ्या विषण्णतेच्या विकाराची कारणे आणि जोखीम वाढविणारी परिस्थिती यांचा विचार या नोंदीत केला आहे. मुलांच्या ठायी पराहम् (मनातील नीतिनियामक अंश) पुरता घडलेला नसल्यामुळे त्यांना हा विकार होणेच अशक्य, असे मत मनोविश्लेषणवाद्यांत दीर्घकाळ प्रचलित होते. १९८० साली अमेरिकन मनोविकृतिवैद्यक संघटनेच्या वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीने प्रौढांचेच निकष मुलांना लागू केले, तेव्हा कोठे शास्त्राच्या दप्तरात त्याची रीतसर नोंद झाली. या वयात खिन्नतेऐवजी चिडखोरपणाच पुष्कळदा पुढे येतो. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखणे, अर्ध्या जेवणातून उठणे, आवडत्या खेळाकडे पाठ फिरविणे, यांस घरोघरी ‘नाटके’ किंवा ‘आळस’ म्हटले जाते, आणि मग कारणांचा शोध सुरूच होत नाही.

आनुवंशिकता : नैराश्यग्रस्त आईवडिलांच्या मुलांत या विकाराचा संभव इतरांच्या सुमारे तिप्पट आढळतो; मात्र त्यात रक्ताचा वाटा किती व घरातील वातावरणाचा किती, हे निराळे काढणे दुष्कर आहे. सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाच्या वाहकाशी निगडित जनुकाचा एक विशिष्ट प्रकार आणि आयुष्यातील आघात यांच्या संयोगातून नैराश्य उद्भवते, हा न्यूझीलंडमधील डनीडन येथील अभ्यासाचा निष्कर्ष (२००३) पुढील व्यापक पडताळण्यांत शाबीत झाला नाही.

यौवनारंभ : बालपणी मुलगे व मुली यांतील प्रमाणात फारसा फरक नसतो, यौवनारंभानंतर ते मुलींत सुमारे दुप्पट होते. संप्रेरकांतील बदल हे त्याचे एक कारण सांगतात.

सामाजिक परिस्थिती : या बाबतीत गोव्यातील बारा ते सोळा वर्षे वयाच्या २,०४८ मुलामुलींची पाहणी (प्रसिद्धी २००८) विशेष उल्लेखनीय आहे. तीत नैराश्याचे प्रमाण ०.५ टक्का, तर सर्व मनोविकारांचे मिळून १.८१ टक्के, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील आकड्यांहून बरेच कमी आढळले. शहरी वास्तव्य, अभ्यासातील अडचणी, परिसरातील असुरक्षितता, मारहाण वा शिवीगाळ, तंबाखूसेवन आणि मुलींच्या बाबतीत मुलगी म्हणून घरीदारी होणारा भेदभाव, यांच्याशी विकारांचा संबंध दिसून आला. उलट ज्यांना कुटुंबाचा मुख्य आधार होता, त्यांच्यात प्रमाण कमी होते. वारंवार मेजवान्या, चित्रपट व हौसेची खरेदी अशा परंपरेबाहेरच्या जीवनक्रमाशीही संबंध आढळला. परंतु एकाच वेळी केलेल्या पाहणीवरून कारण कोणते व परिणाम कोणता, हे ठरत नाही, सबब त्यावरून मुलांच्या करमणुकीवर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. भेदभाव आणि मारहाण यांचे मात्र तसे नाही : ती मोठ्यांच्या हातून घडतात, आणि म्हणून टाळताही येतात.

परीक्षा : दहावी-बारावीच्या निकालानंतर घडणाऱ्या दुर्घटनांचा दोष सरसकट अपयशाला दिला जातो. वास्तविक अपयश हे बहुधा निमित्त असते. आधीपासून चालत आलेली निद्रानाशाची, एकाकीपणाची, घरातील तुलनांची किंवा वर्गातील छळाची हकीकत निकालाच्या दिवसापूर्वी कोणी विचारलेली नसते.

शारीरिक व्याधी : अपस्मार, मधुमेह, दमा आदी दीर्घकालीन विकारांत जोखीम वाढते.

समाजमाध्यमे : यांचा वापर आणि नैराश्य यांतील कार्यकारणसंबंध विवाद्य आहे.