राजी आणि मर्जी

भोरला असो की वेल्ह्याला, जमिनीच्या खरेदीखताचा शेवट ठरलेला असतो. गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा, भरणा पावल्याची कबुली हे सगळे लिहून झाले की लिहून देणारा म्हणतो, सदरचे खरेदीखत मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे. मग सही, नाहीतर डाव्या हाताचा अंगठा. हे वाक्य वाचताना कोणी थांबत नाही आणि ऐकतानाही फारसे कोणी कान देत नाही. पण दस्ताचे सगळे बळ त्याच शब्दात आहे. माणूस राजी नव्हता असे सिद्ध झाले तर वरच्या चतुःसीमा आणि भरणा यांना काही अर्थ उरत नाही. या 'राजी'चे कूळ शोधत मागे गेले की आपण मुलखी कचेरीच्याही पलीकडे, थेट इस्लामने सुख कशाला म्हटले त्या विचारापाशी पोचतो. माझे म्हणणे असे की तो विचार मराठीत दोन तुकड्यांत आला. एक तुकडा रयतेच्या वाट्याला गेला, दुसरा सरकारच्या. आणि हे दोन तुकडे मुळात एकाच जोडीचे होते याचा विसर पडल्यामुळेच श्रद्धेतून मिळणाऱ्या समाधानाकडे आपण नुसती शरणागती म्हणून पाहतो.

मूळ अरबी धातू र-ज़-य, अर्थ प्रसन्न होणे, संतुष्ट असणे. त्यातून 'रिज़ा' म्हणजे संतोष. जो संतुष्ट आहे तो 'राज़ी'. ज्याच्याविषयी संतोष वाटतो तो 'मर्ज़ी'. मराठीतले रजा, राजी आणि मर्जी हे तिन्ही शब्द या एकाच घरचे. रझिया, रिझवान, मुर्तझा ही नावेही तिथलीच. १६३३ मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीचा जो बालवारस गादीवर बसवला त्याचे नावही मुर्तझाच होते. कुराणाच्या ८९व्या सूरेच्या, अल्-फज्रच्या, अखेरीस निवांत झालेल्या जिवाला आपल्या पालनकर्त्याकडे परत बोलावले आहे. त्या जिवाला तिथे दोन विशेषणे लावली आहेत, राज़िया आणि मर्ज़िया. जीव देवावर संतुष्ट आणि देव त्या जिवावर संतुष्ट. मुसलमान कुटुंबात कोणी गेले की ही वचने हटकून आठवली जातात, कबरीच्या दगडावरही कोरली जातात. पैगंबरांच्या सहकाऱ्यांची नावे घेताना पुढे 'रज़ियल्लाहु अन्हु' म्हणतात, त्यातही हाच धातू. म्हणजे इस्लामी श्रद्धेत सुखाची जी सर्वांत वरची पायरी सांगितली आहे ती चैनीची नाही, आणि स्वर्गातल्या बागांचीही नाही. देवाचा संतोष त्या बागांहून मोठा, असे कुराणच सांगते. ही पायरी एका नात्याची आहे आणि नात्याला दोन टोके असतात. सूफींनी यावर पिढ्यान् पिढ्या वाद घातला. रिज़ा साधनेने कमावता येते की ती वरून मिळणारी देणगी आहे, हा त्यांचा प्रश्न. ११११ मध्ये वारलेल्या गज़ालींनी तर फारसीतल्या आपल्या ग्रंथाला 'कीमिया-ए-सआदत', म्हणजे सुखाची किमया, असेच नाव दिले. ज्या कामासाठी जी वस्तू घडली त्यात तिचे सुख असते, आणि माणूस देवाला ओळखण्यासाठी घडला आहे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख.

आता हा शब्द भोर-वेल्ह्याकडच्या हिरडस मावळ, रोहिडखोरे, गुंजण मावळ आणि कानद खोऱ्यात आला तो किमयागाराच्या हातून नव्हे, कारकुनाच्या हातून. रोहिडा किल्ल्याचा तिसरा दरवाजा पाहावा. दोन्ही अंगांना हत्तीची शिरे, एकीकडे मराठी लेख, दुसरीकडे फारसी. आदिलशाहीत मावळचा कारभार असाच दोन तोंडांनी चालत होता. अरबीत एक अक्षर आहे, ज़ाद. त्याचा मूळ उच्चार इतका अवघड की अरब आपल्या भाषेलाच ज़ादची भाषा म्हणतात. इराण्यांनी त्याचा सरळ 'ज़' केला आणि आपण त्याला 'ज'च्या घरात बसवले. रजेतला ज दातांशी, राजी-मर्जीतला टाळूशी. काजी, हाजीर, जामीन, अर्ज, कब्जा, महजर या सगळ्यांत तेच ज़ाद आहे. वतनाच्या एखाद्या तंट्याचे चित्र डोळ्यांपुढे आणावे: काजी बसलेला, वादी-प्रतिवादी हाजीर, जामीन दिलेले, शेवटी निवाड्याचा महजर. या सगळ्याच्या आधी दोन्ही पक्षांकडून एक कागद घेत, राजीनामा. गोतसभा जो निवाडा करील तो आम्हास मान्य, अशी ती लेखी कबुली. हरलेल्याने पुढे आपली हार मान्य करणारे येजितखत लिहून द्यायचे. राजीनाम्याचा हा अर्थ आज आपल्याला उलटा वाटतो, पण तोच जुना. हरण्या-जिंकण्याच्या आधी, निकाल माहीत नसताना दिलेली संमती. धर्मशास्त्रातल्या रिज़ेशी याचे साम्य आहे, आणि ते ओढूनताणून आणलेले नाही: पुढे काय येणार हे ठाऊक नसताना निवाडा करणाऱ्यावर टाकलेला भरवसा.

पण कचेरीत जोडी फुटली. 'राजी' खाली राहिला आणि 'मर्जी' वर गेली. मराठीत रयत राजी असते, साहेबाची मर्जी असते. मर्जी सांभाळावी लागते, मर्जीतला माणूस वेगळा ओळखू येतो, आणि मर्जी खफा झाली की खप्पामर्जी. 'मर्ज़ी'चा मूळ अर्थ, ज्याच्यावर कोणी प्रसन्न आहे तो, हे सांगितले तर लोकांना खरे वाटणार नाही, कारण आपल्याकडे मर्जी ही प्रसन्न होणाऱ्याची मालमत्ता झाली. वाक्प्रचारांना दरबाराचा वास लागतो तो असा. जून १६५९ मध्ये अली आदिलशहाचे फर्मान कारीच्या कान्होजी जेध्यांना आले. अफजलखानाला जाऊन मिळा, हा त्याचा मतलब. ही झाली मर्जी. उत्रवळीच्या खोपड्यांनी ती मानली. कान्होजी पाच मुलांना घेऊन राजगडावर शिवाजी महाराजांकडे आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. फर्मान हुकूम देऊ शकते, वतन काढून घेऊ शकते, गर्दन मारण्याची धमकी देऊ शकते. ते माणसाला राजी मात्र करू शकत नाही. सत्तेच्या शब्दकोशातही 'राजी'ला जे थोडेसे स्वातंत्र्य उरले ते इतकेच, पण ते काढून घेता आले नाही. निकाहातही बघा. मियाँबिबी राजी तर काजी काय करणार, ही म्हण आपण गमतीने वापरतो, पण वधूवरांच्या संमतीवाचून निकाह होत नाही या नियमाचाच तो बोलीतला अवतार आहे.

या फुटलेल्या जोडीचे सर्वांत उपरोधिक उदाहरण वेल्ह्याच्या माथ्यावर उभे आहे. १७०४ मध्ये औरंगजेबाने आधी राजगड घेतला, मग तोरणा. राजगडाचे नाव नबीशाहगड केले आणि तोरण्याचे फुतूहुल्गैब. याचा अर्थ 'दैवी विजय' असा सांगतात आणि तो चूक नाही. पण 'फुतूह अल्-गैब' हे एका ग्रंथाचेही नाव आहे. ११६६ मध्ये बगदादला वारलेले अब्दुल कादिर जीलानी यांच्या ७८ प्रवचनांचा तो संग्रह, आणि सतराव्या शतकात वारलेल्या दिल्लीच्या शेख अब्दुल हक यांनी त्यावर फारसीत टीका लिहिलेली. म्हणजे मोगलांच्या हिंदुस्थानात तो अनोळखी नव्हता. बादशहाच्या मनात नाव देताना तो ग्रंथ होता असे मी म्हणत नाही; तसे म्हणायला आधार लागतो. शब्द तेच आहेत, इतकेच. आणि त्या ग्रंथाचा आग्रह असा की माणसाने स्वतःची इच्छा बाजूला ठेवावी, म्हणजे जे घडते त्यात अडथळा न दिसता देवाचा हात दिसू लागतो. आयुष्याची शेवटची वर्षे दख्खनेतले किल्ले एकेक करून घेण्यात घालवणाऱ्या सम्राटाने एका मावळी डोंगराला हे नाव द्यावे! बादशहा १७०७ मध्ये गेला. नाव तर त्याहून आधीच विरले असावे, कारण खालच्या वाड्यांनी ते कधी तोंडात घेतल्याची खूण नाही. वेल्हे तालुक्याला आता राजगडाचे नाव मिळाले आहे, तोरणा तोरणाच राहिला.

राजीनाम्याचा अर्थ पुढे कसा फिरला हे पाहण्यासारखे आहे. हिंदी-उर्दूत राज़ीनामा म्हणजे अजूनही तडजोडीचा लेख. नोकरी सोडायची तर इस्तीफा. मराठीत, गुजरातीत, कन्नडमध्ये, तेलुगूत मात्र राजीनामा म्हणजे पद सोडणे. हा फरक दख्खनच्या मातीतला आहे. पुणे जिल्ह्यातच इंदापूरला १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी रयतवारी पाहणी सुरू केली, तिच्यात शेतकऱ्याला नको असलेले शेत सोडून देण्याची मोकळीक होती. सोडताना तो राजीनामा द्यायचा, घेणारा कबुलायत लिहायचा. शेत सोडण्यास मी राजी आहे, यातले 'शेत सोडण्यास' गळून गेले आणि 'राजी' शब्दालाच सोडण्याचा अर्थ चिकटला. भोर तेव्हा पंतसचिवांचे संस्थान, १९४८ पर्यंत वेगळे; पण शब्दांना संस्थानाची नाकी अडवत नाहीत. रजेचेही तेच झाले. रिज़ा म्हणजे संतोष, मग वरिष्ठाने संतोषाने दिलेली परवानगी, मग जायची परवानगी, मग नुसते न येणे. खुशीही त्याच वाटेने गेली. 'तुझी खुशी' म्हणताना आपण आनंदाबद्दल बोलतच नसतो. सुखाचे दोन परके शब्द, एक अरबी आणि एक फारसी, आणि दोन्हींचा अर्थ मराठीत संमती झाला. फारसीतच ही वाट निम्मी तयार होती, हे मान्य. पण उरलेली निम्मी आपण चाललो.

इथे टीकाकाराला आयते कोलीत मिळते. तो म्हणेल, शब्दानेच सत्य सांगून टाकले. इस्लाममधला संतोष म्हणजे आयुष्याने द्यावे ते घ्यायचे आणि आपल्या हक्काचा राजीनामा द्यायचा. हा आक्षेप हलका नाही. भाटघरच्या धरणापासून या खोऱ्यांनी पाण्याखाली जाणारी जमीन पाहिली आहे, आणि राजी नसलेल्याला राजी म्हणवून घेण्याची कला सत्तेला चांगली अवगत असते. पण आक्षेप घेणारा रिज़ेला कचेरीतल्या अर्थाने वाचतो आहे. गज़ालींनी हा प्रश्न टाळला नव्हता. देवाकडे मागणे हे रिज़ेच्या विरुद्ध नाही, पापाचा तिटकारा असणे विरुद्ध नाही, पापाने भरलेला मुलूख सोडून जाणेही विरुद्ध नाही, असे त्यांनी मुद्दाम प्रकरण करून मांडले. राजी असणे हे देवाशी असते, जुलमाशी नव्हे. जो मनुष्य मर्जी फक्त एकाचीच मानतो, त्याच्यावर बाकीच्यांच्या मर्जीचा दाब कमी होतो, वाढत नाही. कान्होजींचा धर्म वेगळा होता, पण वतनावर पाणी सोडणाऱ्याची मनःस्थिती समजून घ्यायला हाच नियम पुरतो.

दुसरा आक्षेप अधिक घरगुती आहे. लोक दर्ग्यात राजी होण्यासाठी जात नाहीत, नवस फेडायला जातात. भोरच्या वाटेवर, तालुक्याची हद्द लागण्याआधी, खेड-शिवापूरला कमरअली दरवेशांचा दर्गा आहे. तिथला दगड अकरा जणांनी एकेक बोट लावून, दरवेशांचे नाव मोठ्याने घेत उचलायचा. सगळ्या जातिधर्मांची माणसे उचलतात. यात कुठली रिज़ा, असे विचारता येईल. मला वाटते, मागणे आणि राजी असणे यांत भांडण लावणे हा ग्रंथ वाचणाऱ्यांचा छंद आहे. नवस बोलणाराही शेवटी 'पुढे त्याची मर्जी' म्हणून उठतो. या एका वाक्यात मर्जी तिच्या मूळ धन्याकडे परत जाते, आणि बोलणारा हलका होऊन उठतो तो मागितलेले मिळाले म्हणून नाही. ते मिळायचे अजून बाकी असते.

तिसरी गोष्ट व्युत्पत्तीवाल्यांना नेहमी ऐकावी लागते. शब्दाचे कूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. खरे आहे. राजगडाच्या पायथ्याचा शेतकरी 'मी राजी हाय' म्हणतो तेव्हा तो बगदादच्या प्रवचनांना साक्षी ठेवत नाही. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, पुढे त्यागपत्र आले, तरी राजीनामा टिकला, तो काही लोकांना त्याच्या धर्मशास्त्राची ओढ होती म्हणून नव्हे. तो तोंडात बसला होता म्हणून. माझा दावा याहून लहान आहे. संतोष ही संमती आहे, आणि ती दुसऱ्याच्या हाताने देता येत नाही, हा विचार या शब्दाबरोबर आला आणि खरेदीखतापर्यंत टिकला. त्याच्या जोडीचा दुसरा अर्धा, की ज्याच्याशी आपण राजी त्यानेही आपल्याशी राजी असावे, तो मात्र कचेरीत हरवला. तो टिकला तो घरांत, मशिदींत आणि कबरस्तानात.

सरकारी नोकरीतल्या एखाद्या मुसलमान शिक्षकाला सणाच्या सुट्टीला जोडून दुसरा दिवस हवा असला, तर तो मुख्याध्यापकांना रमजान ईदनिमित्त रजेचा अर्ज करतो. चार शब्दांच्या त्या विषयओळीत रमजान, रजा आणि अर्ज, तिन्हींमध्ये तेच अवघड ज़ाद आहे. मुख्याध्यापक खाली 'मंजूर' लिहितात. त्यातला ज मात्र वेगळ्या अक्षराचा.